पिल्लं आधी मोजू नका
(एका इंग्रजी म्हणीची ओळख)



या महिन्याच्या भित्तिपत्रकात इंग्रजी म्हणीचे सदर माझ्याकडे आले आहे. गुरुजी म्हणाले, "म्हण कोणतीही घे, पण नुसता अर्थ लिहून मोकळी होऊ नकोस. ती कुठून आली, कधी वापरायची, कधी वापरायची नाही, ते सगळं लिही." म्हणून लेख जरा मोठा झाला आहे. तुम्हाला तो भिंतीपाशी उभे राहून वाचायचा आहे, हे मला ठाऊक आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, अशी विनंती.

म्हण अशी आहे : "डोन्ट काउंट युअर चिकन्स बिफोर दे हॅच."

गुरुजींनी ही म्हण फळ्यावर लिहिली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा पटकन म्हणाला, "गुरुजी, चिकन शिजायच्या आधी मोजू नका!" सगळा वर्ग हसला. गुरुजीसुद्धा हसले. पण त्याची चूक नव्हती. आपल्याकडे चिकन म्हणजे रविवारचा रस्सा. इंग्रजीत मात्र चिकन हा शब्द मुळात कोंबडीच्या पिल्लासाठी होता आणि या म्हणीत तोच जुना अर्थ आहे. 'काउंट' म्हणजे मोजणे. 'हॅच' म्हणजे अंडे फोडून पिल्लू बाहेर येणे. तेव्हा सरळ अर्थ असा : अंड्यातून पिल्लं बाहेर येण्याआधी ती मोजू नका.

आणि आतला अर्थ असा : जे अजून हातात आले नाही, ते आलेच आहे असे धरून चालू नका. त्याच्या भरवशावर खर्च करू नका, बढाई मारू नका, कुणाला शब्द देऊ नका. म्हणजे ही म्हण विश्वासाबद्दलची आहे. विश्वास कुठपर्यंत चांगला आणि कुठून पुढे तो फाजील होतो, हे ती सांगते.

अंड्यात काय चालते?

म्हण नीट कळायची तर आधी कोंबडी कळली पाहिजे. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना हे माहीत असेल, पण सगळ्यांकडे नसतात.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली. खुडूक कोंबडी अंडी घालायचे थांबवते, एका जागी बसून राहते, जवळ गेले की अंग फुगवून टोचायला येते. आजीने पाटीत भुसा घातला, वर जुने गोणपाट टाकले आणि त्यावर बारा अंडी ठेवून कोंबडी बसवली. मी विचारले, "आजी, दुकानातली पांढरी अंडी का नाही ठेवत? ती तर मोठी असतात." आजी म्हणाली, "त्यांच्यात जीव नसतो गं. कोंबड्याबिगर घातलेली अंडी ती. वर्षभर उबवलीस तरी पिल्लू यायचं न्हाई." म्हणजे पहिली गोष्ट ही की प्रत्येक अंड्यात पिल्लू असतेच असे नाही.

कोंबडीचे पिल्लू तयार व्हायला साधारण २१ दिवस लागतात. तेवढे दिवस कोंबडी जवळजवळ हलत नाही. दिवसातून एखाद वेळ उठते, दाणापाणी करते आणि परत येऊन बसते. बसल्या बसल्या चोचीने अंडी फिरवते. मला आधी वाटायचे की ती उगाच चाळा करते. पण अंडे एकाच बाजूवर राहिले तर आतले पिल्लू कवचाच्या बाजूला चिकटून बसण्याची भीती असते. सगळीकडून सारखी ऊब लागावी, हाही त्यात हेतू असतो.

आठव्या दिवशी रात्री आजीने एकेक अंडे उजेडासमोर धरून पाहिले. पूर्वी ती कंदिलावर पाहायची, आता मोबाईलची बॅटरी लावते. मीही पाहिले. ज्या अंड्यात जीव धरला होता त्यात तांबड्या शिरांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे जाळे दिसत होते आणि मध्ये एक काळा ठिपका. तीन अंडी मात्र नुसती पिवळट, रिकामी दिसली. आजीने ती बाजूला काढली. राहिली नऊ.

एकविसाव्या दिवशी सकाळी आतून बारीक चिवचिव ऐकू आली. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक छोटा टणक दाणा असतो. त्याने ते कवच फोडते. बाहेर आल्यावर थोड्या दिवसांत तो दाणा गळून पडतो. कवचाला पहिले भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला कधी कधी बरेच तास लागतात. मला घाई झाली होती. मी कवच सोलायला गेले तर आजीने हातावर चापट मारली. म्हणाली, "त्याचं त्याला येऊ दे. वढून काढशील तर रगत येईल नि मरंल." नऊपैकी सात पिल्लं आली. दोन अंडी तशीच राहिली. पुढे पंधरा दिवसांत एक पिल्लू घारीने उचलले. राहिली सहा.

बारा अंड्यांची शेवटी सहा पिल्लं झाली. इंग्लंडातल्या खेड्यांतल्या लोकांनीही हेच पाहिले असणार. म्हणून त्यांनी ही म्हण केली. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी, १५७० साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात ती आढळते, म्हणजे बोलण्यात त्याच्याही आधीपासून असेल.

आपल्याकडची बहीण

आता मराठीकडे येऊ. आपल्याकडे म्हण आहे : 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.' तुरी अजून बाजारातच आहेत, विकतसुद्धा घेतल्या नाहीत, आणि घरात भांडण सुरू झाले की वरण घट्ट करायचे की पातळ! (मारणे काही बरे नाही. पण म्हण जुनी आहे, म्हणून आहे तशी लिहिली.) 'मनात मांडे खाणे' हेही आपण म्हणतो. फ्रान्समधले लोक म्हणतात, अस्वल मारण्याआधी त्याचे कातडे विकू नका. त्यांच्याकडे अस्वल, इंग्रजांकडे पिल्लं, आपल्याकडे तुरी. ज्याच्या मुलखात जे, तेच त्याच्या म्हणीत.

याच अर्थाची एक गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. पंचतंत्रात एक कंजूष ब्राह्मण आहे. भिक्षेत मिळालेले पीठ तो मडक्यात भरून खुंटीला टांगतो आणि खाली खाटेवर पडून हिशेब करतो. दुष्काळ पडेल, पीठ महाग विकेन, शेळ्या घेईन, मग गाई, म्हशी, घोडे, मोठे घर, बायको, मुलगा. मुलाचे नावसुद्धा ठरवतो, सोमशर्मा! मग बायको मुलाकडे बघत नाही म्हणून रागाने लाथ मारतो. लाथ लागते मडक्याला आणि सगळे पीठ अंगावर.

इंग्रज मुले अशीच गोष्ट वाचतात, पण त्यांच्या गोष्टीत डोक्यावर दुधाचे भांडे घेतलेली गवळण असते. दूध विकून अंडी, अंड्यांची पिल्लं, पिल्लं विकून नवा झगा. झगा घालून मी अशी मान उडवीन, म्हणून ती खरोखरच मान उडवते आणि दूध सांडते. त्या गोष्टीच्या शेवटी तात्पर्य म्हणून हीच म्हण देतात.

या दोन गोष्टी सारख्या का? पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात गेले. आठव्या शतकात त्याचे अरबी भाषांतर झाले आणि अरबीतून पुढे ते युरोपातल्या भाषांत गेले. मॅक्स म्युलर नावाच्या पंडितांनी १८७० साली लंडनमध्ये व्याख्यान देऊन सांगितले, की आपला पिठाचा ब्राह्मण वाटेत बदलत बदलत युरोपात दुधाची गवळण झाला. हे गुरुजींनी सांगितले तेव्हा मला फार नवल वाटले. म्हण इंग्रजांची, पण तिच्याबरोबर सांगितली जाणारी गोष्ट इथूनच गेलेली!

माझी चूक

आता एक गोष्ट लिहिते. ती लिहायची की नाही, असे दोन दिवस मनात चालले होते. ज्या मैत्रिणीबद्दल ती आहे तिला विचारूनच लिहिते आहे. तिने नाव घालू नकोस म्हटले, म्हणून घालत नाही.

मागच्या वर्षी ती बारा अंडी ठेवली तेव्हा आजी मला म्हणाली होती, "यातली निम्मी पिल्लं तुझी." मी लगेच वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. बारा अंडी म्हणजे बारा पिल्लं. निम्मी सहा. महिन्याचे पिल्लू आठवड्याच्या बाजारात ६० रुपयांना जाते. सहा साठे तीनशे साठ. जानेवारीत आपली प्रतापगडची सहल होती आणि वर्गणी होती ३०० रुपये.

माझी वर्गणी बाबा भरणार होते. माझ्या मैत्रिणीच्या घरी तेव्हा ओढाताण होती. ती म्हणाली, "मी नाही येत." मी म्हटले, "तू काळजी करू नकोस. तुझी वर्गणी मी भरते. माझ्याकडे ३६० रुपये येणार आहेत." भरीन, जमले तर बघू, असे नाही म्हटले. भरते म्हटले! वर उरलेल्या ६० रुपयांचे गडाखाली दोघी काय खाऊ, तेही ठरवले.

तिने घरी सांगितले की माझ्या वर्गणीचे झाले आहे. तिच्या आईने बाजूला ठेवलेले थोडे पैसे होते, ते मग दुसऱ्या नडीला खर्च केले.

पुढे काय झाले ते वर लिहिलेच आहे. राहिली सहा पिल्लं. निम्मी तीन. तीन साठे एकशे ऐंशी. १२० रुपये कमी. आठव्या दिवशी तीन अंडी रिकामी निघाली तेव्हाच मला हे कळायला हवे होते आणि तेव्हाच तिला सांगायला हवे होते. पण मला लाज वाटली. मनात म्हटले, होईल काहीतरी. वर्गणीचा शेवटचा दिवस आला, तेव्हा मी सकाळी तिला सांगितले. ती काही बोलली नाही. गुरुजींना तिने सांगितले, "मला बरं वाटत नाही, मी येत नाही."

आम्ही सगळे गडावर गेलो. तिथून खालची दरी दिसते, बुरूज दिसतात, सगळे छान होते. पण एस.टी.त माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मला काही गोड लागले नाही.

नंतर गुरुजींना कळले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अगं, पैसे कमी पडले यात काय एवढं? मला एक शब्द आधी सांगितला असतास तर काहीतरी केलं असतं. वेळच ठेवला नाहीस."

घरी आजीला सगळे सांगितले. आजी शाळेत गेलेली नाही. तिला ही इंग्रजी म्हण मी सांगितली, तर म्हणाली, "अंडी मोजायला कोण नको म्हणतंय? अंडी मोजावीच. पिल्लं मोजायची न्हाईत."

मला वाटते, या म्हणीचा अर्थ याहून सोपा कुणी सांगू शकणार नाही. अंडी म्हणजे आज आपल्या हातात आहे ते. केलेला अभ्यास, पेरलेले बी, खेळाचा सराव, साठवलेले पैसे. ते मोजावे, त्याचा विश्वास धरावा. पिल्लं म्हणजे त्यातून पुढे येणारे फळ. निकाल, पीक, ढाल, बाजारभाव. ते आल्यावर मोजावे.

मग विश्वास धरायचाच नाही का?

काही जणांना वाटेल, ही म्हण घाबरवणारी आहे. तसे नाही. म्हण असे म्हणत नाही की अंडी ठेवू नका. अंडीच ठेवली नाहीत तर एकही पिल्लू यायचे नाही. माझे बाबा दरवर्षी पाऊस पूर्ण दिसण्याआधी बी-खत आणून ठेवतात आणि वापसा आला की पेरतात. शेतकऱ्याइतका विश्वास कुणाला असेल? पण हेच बाबा पीक डोलत असतानाही, "यंदा इतके होतील," असे चारचौघांत बोलत नाहीत. आई विचारते तेव्हा म्हणतात, "घरात आलं तर बघू." त्या 'तर' शब्दात सगळे आहे. मी मैत्रिणीला, "पिल्लं निघाली तर भरीन," म्हटले असते तर तिच्या आईने ते पैसे बहुतेक तसेच ठेवले असते आणि ती गडावर आली असती. एक शब्द मी गाळला आणि त्याची किंमत तिने भरली.

फाजील विश्वासाने आपले नुकसान होते, हे सगळे सांगतात. पण आपण मोठ्याने मोजलेल्या पिल्लांवर दुसरेही भरवसा ठेवतात, हे मला मागच्या वर्षी कळले.

खेळातले एक उदाहरण देते. २५ जून १९८३ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. सामना ६० षटकांचा होता. भारताचा संघ १८३ धावांत बाद झाला. समोर वेस्ट इंडीज. १९७५ आणि १९७९ चे दोन्ही विश्वचषक त्यांनीच जिंकलेले. १८४ धावा म्हणजे त्यांना काय, असे कुणालाही वाटले असते. ज्यांनी तेव्हा मनात पिल्लं मोजली ती फुकट गेली. वेस्ट इंडीज १४० धावांत बाद झाले आणि भारत ४३ धावांनी जिंकला. कपिल देव यांच्या संघाकडे मोठा धावफलक नव्हता. पण जेवढी अंडी होती तेवढ्यांवर ते शेवटपर्यंत बसून राहिले.

म्हण कशी वापरायची?

पहिले उदाहरण. मित्र म्हणतो, "वी विल विन द मॅच टुमारो!" (उद्याचा सामना आपणच जिंकणार!) तुम्ही म्हणाल, "डोन्ट काउंट युअर चिकन्स बिफोर दे हॅच."

दुसरे उदाहरण. इंग्रज लोक पुष्कळदा अर्धीच म्हण बोलतात, कारण पुढचे सर्वांना ठाऊक असते. "डोन्ट काउंट युअर चिकन्स!" एवढेही चालते.

तिसरे उदाहरण. स्वतःबद्दलही वापरता येते. कुणी विचारले, "पहिला नंबर येणार ना?" तर म्हणावे, "आय ॲम नॉट काउंटिंग माय चिकन्स." म्हणजे पेपर चांगला गेला आहे, पण निकाल लागेपर्यंत मी काही बोलत नाही. मला हा वापर सर्वांत आवडला. यात विश्वास आहे आणि बढाई नाही.

कधी वापरू नये? कुणी नवीन काम सुरू करत असेल, धडपडत असेल, तेव्हा त्याला हिणवायला वापरू नये. "मला डॉक्टर व्हायचे आहे," असे एखादी मुलगी म्हणाली तर ते पिल्लं मोजणे नव्हे, ते अंडी ठेवणे आहे. "मी डॉक्टर झालेच समजा, आता कशाला अभ्यास," असे म्हणाली तर मात्र म्हण सांगावी. पालकांनाही ही विनंती आहे. मूल स्वप्न सांगत असेल तर आधी ऐकावे, म्हण नंतर सांगावी.

आणखी एक. खरोखरच्या कोंबडीच्या पिल्लांबद्दल बोलताना ही म्हण वापरली तर इंग्रज माणूसही हसेल. माझ्या बाबतीत मात्र ती अगदी शब्दशः खरी ठरली!

शेवटचे

त्या तीन पिल्लांचे १८० रुपये मी खर्च केले नाहीत. आजीच्या डब्यात ठेवले. या वर्षी सहलीचे ठरले तेव्हा मी ते घेऊन मैत्रिणीकडे गेले. तिने घेतले नाहीत. म्हणाली, "या वर्षी आईने भरलेत. मला पैशाचं वाईट नव्हतं वाटलं गं. तू आठव्या दिवशीच सांगितलं असतंस तर मी आईला पैसे ठेवायला सांगितलं असतं." मग आम्ही दोघींनी मिळून त्या पैशांतून वर्गासाठी गोष्टींचे एक पुस्तक आणि रंगीत खडूंची पेटी आणली. हा लेख तिनेच सुवाच्य अक्षरात उतरवून दिला आहे, कारण माझे अक्षर गिचमिड आहे. वर कोंबडीचे चित्रही तिचेच.

तांबडी कोंबडी पुन्हा खुडूक झाली आहे. आजीने या वेळी अकरा अंडी ठेवली आहेत. आज बारावा दिवस आहे. उजेडासमोर पाहिले, दोन रिकामी निघाली, नऊंत जाळे दिसते. हे मी मैत्रिणीला त्याच दिवशी सांगितले.

पिल्लं किती निघतील ते मी लिहीत नाही. निघाली की याच भिंतीवर, खाली कोपऱ्यात आकडा लिहीन.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी